सूपभर कोंडा

आमच्या बोरगावात आडनाव कुणी कुणाला विचारत नसे. वेशीपासून मारुतीपर्यंतची निम्मी आळी उकिरड्यांची होती, उरलेली निम्मी त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांची. मास्तर हजेरी घेताना ‘उकिरडे शेवंता’ म्हणत आणि मी ‘हजर’ म्हणे. त्यात हसण्यासारखं काही आहे असं त्यांनाही कधी वाटलं नाही, मलाही नाही. जिंतूरच्या बाजूला, आमच्या त्या काळ्या मातीत, उकिरडा म्हणजे घाण नव्हती. गोठ्यामागं वर्षभर शेण, राख, कडब्याची चिपाडं, चुलीपुढचा केर साठत जायचा, पावसाळ्याआधी तो गाड्या भरभरून रानात पडायचा आणि मग ज्वारी उभी राहायची. मुलगी द्यायला आलेली माणसं आधी माडी बघत नसत, परसात जाऊन उकिरडा बघत. तो केवढा आहे त्यावरून दावणीला जनावरं किती ते कळायचं. दिवाळीत तुळशीपुढं पणती लागायची तशी एक उकिरड्यावरही लागायची. माय ती पदराआड धरून न्यायची आणि ठेवून झाल्यावर हात जोडायची.

तो शब्द शिवी आहे हे मला नाशकात कळलं.

सातवी झाली आणि माझी शाळा संपली. पुढची शाळा लांब होती, माय दम्यानं बेजार होती आणि माझ्यासाठी एक स्थळ ठरत आलं होतं. माणूस बिजवर, दोन लेकरांचा बाप, वयानं माझ्या वडिलांच्या, आबांच्या, जवळपास. त्या दिवाळीला माझा थोरला भाऊ, दत्तादादा, नाशकाहून आला. सातपूरच्या एका कारखान्यात तो हपिसात कारकून होता. तो आबांना म्हणाला, ‘हिला मी नेतो. मालतीला दिवस राहिलेत, हाताखाली कुणीतरी पाहिजे.’ आबांनी तंबाखू मळत मळत विचार केला आणि म्हणाले, ‘ने. पर तिथं पटलं नाई तर परत आणून सोड. तो माणूस थांबायला तयार हाय.’ आबांना त्यात काही वाईट बोलल्यासारखं वाटलं नसणार. पण ‘तो माणूस थांबायला तयार हाय’ हे वाक्य पुढची सगळी वर्षं मी पोटात घेऊन हिंडले. वहिनींच्या कपाळावर आठी पडली की मला जिंतूरची एसटी दिसायची.

इंदिरानगर तेव्हा अर्धी वस्ती आणि अर्धा मळा असं होतं. नव्या घरांच्या विटा उघड्याच, मधूनमधून द्राक्षाचे मांडव, आणि सकाळी कामगारांना न्यायला येणाऱ्या बसचा हॉर्न. दादाच्या दारावर पाटी होती : द. ल. बोरगावकर. मी पायरीवरच थांबले. म्हटलं, ‘दादा, हे कुणाचं घर?’

‘आपलंच. आत ये.’

‘मग बोरगावकर कोण?’

दादानं मागं वळून जिन्याकडं पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून. आत गेल्यावर त्यानं सांगितलं. आधीच्या हपिसात शिपायापासून साहेबापर्यंत सगळे त्याला ‘काय उकिरडे, आज वास येत नाही’ म्हणून हाक मारायचे. त्यानं खेटे घालून नाव बदलून घेतलं, गॅझेटात छापून आणलं आणि मगच या कारखान्यात लागला. ‘कुणी विचारलं तर तूही बोरगावकर सांगायचं,’ तो म्हणाला. माझं कागदोपत्री मात्र बदललं नाही. लग्न झालं की बदलणारच आहे, मग दोनदा खर्च कशाला, असं त्याचं म्हणणं. त्यावर मी मान डोलावली. दादाचे उपकार मोठे होते आणि आजही मी ते मोठेच मानते. पायात पहिली चप्पल त्यानं घातली, पहिला स्वेटर त्यानं घेतला, दुपारी शिवणाच्या क्लासला त्यानंच घातलं. आज बडोद्यात माझ्या हातच्या ब्लाउजला बायका रांग लावतात, ते दादामुळे. हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढचं लिहिताना हात जड होणार नाही.

वहिनी पंचवटीतल्या. गोऱ्यापान, देखण्या, बोलणं स्वच्छ. मी ‘कामून’ म्हटलं की त्या ‘का’ म्हणायला लावायच्या. घरात गॅस होता, कुकर होता. त्याच्या शिट्टीला मी पहिला महिनाभर दचकायचे आणि त्या हसायच्या. माझ्यासाठी भाकरी करायला मुभा होती, पण थापायचा आवाज खालच्या मजल्यावर जातो म्हणून हळू थापायची. हळू थापलेली भाकरी काय फुगणार? मी चपाती खायला शिकले.

शेजारी भोंगळेकाकू राहायच्या. पहिल्या दिवशी त्यांचं नाव ऐकून मी तोंडात पदर कोंबला. त्यांनी खोदूनखोदून विचारलं तेव्हा सांगावं लागलं की आमच्याकडं भोंगळा म्हणजे अंगावर चिंधी नसलेला. काकू पुण्याकडच्या. त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. ‘अगं, आमच्याकडे भोंगळ म्हणजे नुसतं अघळपघळ! तुमच्या परभणीला आले तर नागडेच की गं आम्ही सगळे!’ मग त्यांनी ते मजल्यावर सगळ्यांना सांगितलं. दुपारी तांदूळ निवडायला बायका जमायच्या, तेव्हा हाच खेळ चालायचा. झोपे म्हणून एक होते त्यांना कायम रात्रपाळी, ढेकण्यांच्या घरी खाट नाही, आणि पोटफोड्यांकडे जेवायला जाऊ नका. हसणाऱ्यांत त्या त्या घरच्या बायकाही असायच्या, कारण आडनाव नवऱ्याचं, त्यांना त्याचं काय? वहिनी सगळ्यांत मोठ्यानं हसायच्या. बोरगावकर या नावात हसण्यासारखं काहीच नव्हतं. मी मान खाली घालून खडे वेचायचे.

बाहेर त्या काही बोलायच्या नाहीत, घरात बोलायच्या. केरसुणी उभी ठेवली, दूध उतू गेलं, की, ‘शेवटी रक्त कुठं जाणार? उकिरडे ते उकिरडे.’ हे त्या रागावून म्हणत नसत, हेच जास्त लागायचं.

पण वहिनींचं सुख फार दिवसांचं नव्हतं. पहिला मुलगा झाला तो पाचवी पुजायच्या आत गेला. दुसरी मुलगी सव्वा महिन्याची झाली, दुपट्यातून बाहेर बघायला लागली आणि तापानं एका दुपारीत विझली. तिचा लंगोट मी दोरीवर वाळत घातला होता, तो काढायचं कुणाला सुचलं नाही. दोन दिवस वाऱ्यावर फडफडत होता. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. वहिनी तांदूळ निवडायला जाईनाशा झाल्या. तिसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा त्यांनी ते पोट दिसेपर्यंत कुणाला सांगितलं नाही.

आठवा लागला असेल. मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या, ‘शेवंता, तुमचं ते आडनाव कशावरून पडलं गं?’

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी कधी असा साध्या आवाजात विचारला नव्हता. मी भीत भीत सांगितलं. आमच्या पणजोबांच्या आईची लेकरं जगत नव्हती. मग जे झालं ते तिनं उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि मागं न बघता घरी आली. टाकून दिलेल्यावर कोण नजर टाकणार? शेजारणीनं ते उचललं, ‘मला सापडलं, माझं हाय’ म्हणाली. मग आईनं सूपभर कोंडा देऊन ते तिच्याकडून विकत घेतलं. ते पोर जगलं, त्याला सगळे उकिरडाच म्हणत. त्याचीच आम्ही सगळी.

वहिनी पाय आखडून उठून बसल्या. मग म्हणाल्या, ‘आईला बोलावून आण.’

त्यांच्या आई पंचवटीहून आल्या, सगळं ऐकलं आणि लगेच कामाला लागल्या. जणू हेच ऐकायला त्या इतके दिवस थांबल्या होत्या. ‘बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव फिरतं म्हणतात. आमच्या मालूचं फिरू दे. आणि उचलायला कोण हवं? तर त्याच नावाची पोरगी घरात आहे. देवानंच आणून ठेवलीय ही.’

मी म्हटलं, ‘दादाला विचारावं लागंल.’

‘पुरुषांना काय कळतंय त्यातलं,’ आई म्हणाल्या. वहिनींनी माझा हात धरला. ‘शेवंता, नाही म्हणू नकोस,’ त्या म्हणाल्या. मी नाही कशी म्हणणार होते? माझी झोप, माझं जेवण, माझा शिवणाचा क्लास, सगळं त्यांच्या मर्जीवर होतं.

मुलगा झाला. बाराव्या दिवशी, दादा बसनं कामावर गेल्यावर आम्ही निघालो. पाथर्डीच्या बाजूला वस्ती संपते तिथं एका गवळ्याचा गोठा होता, त्याच्यामागं खरा उकिरडा. गवळणीला आईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं काही न विचारता म्हशी पलीकडं घेतल्या. कानाला फडकं गुंडाळलेल्या वहिनी पोराला उराशी धरून उभ्या राहिल्या आणि त्यांचे पायच पुढं जाईनात. मी जाऊन वरवर कोरडा कडबा पसरला, त्यावर माझ्या जुन्या लुगड्याचं धडपं घातलं. ऊब होती त्या ढिगाला. गावी हिवाळ्यात कुत्री तिथंच का झोपतात ते मला माहीत होतं, त्या दोघींना नव्हतं. वहिनींनी पोर ठेवलं. ते रडलंही नाही, आभाळाकडं बघून डोळे मिचकावत राहिलं.

‘मागं बघू नकोस,’ आई म्हणाल्या.

वहिनी बांधापर्यंत गेल्या आणि पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. मी पोराला उचललं. इतकं हलकं होतं. मी त्यांच्यासमोर गेले आणि शिकवल्याप्रमाणे म्हटलं, ‘बाई, मला उकिरड्यावर लेकरू सापडलं. कुणाचं हाय?’

वहिनींनी म्हणायचं होतं, ‘माझं नाही.’ छातीवर दूध पाझरून पोलकं भिजलं होतं. आईंनी त्यांच्या खांद्याला ढोसलं. ‘म्हण गं, म्हण. दोन गेलीत ना?’

‘माझं नाही,’ वहिनी म्हणाल्या. ‘तुझं आहे.’

मग त्यांनी घरून आणलेल्या सुपातला कोंडा माझ्या ओच्यात ओतला. सकाळी चपात्यांसाठी कणीक चाळताना मीच काढलेला कोंडा होता तो. त्यांनी पोर माझ्या हातून ओढूनच घेतलं म्हणायला हरकत नाही.

आता माझी स्वतःची मुलं, नातवंडं आहेत. उकिरड्यावर ठेवल्यानं कुणी जगत नाही हे मला कळतं. त्या खेपेला मोठ्या दवाखान्यात बाळंतपण झालं होतं, लसी वेळेवर टोचल्या होत्या, पाणी उकळून देत होतो. पण पोर जगलं, आणि का जगलं याचा निवाडा त्या घरात कधीच झाला नाही. झाला असता तर बरं झालं असतं.

आठ-पंधरा दिवसांनी भोंगळेकाकूंनी, त्यांना आईंकडून कळलं होतं, जिन्यात सगळ्यांसमोर थट्टा केली. पोर वहिनींच्या खांद्यावर रडत होतं, मी घेतल्यावर गप झालं. काकू म्हणाल्या, ‘होणारच! उकिरड्यावरून उचलणारी मालकीण आली ना बाळाची!’ दादा तेव्हाच कामावरून जिना चढत होता. रात्रीचं जेवण झालं. मग ताट सरकवून म्हणाला, ‘ते नाव दारातून बाहेर काढायला मी दोन वर्षं खेटे घातले. आणि तुम्ही पोराला नेऊन त्यावर ठेवलंत?’ वहिनी म्हणाल्या, ‘शेवंतानं गावाकडचं सांगितलं, आईला खरं वाटलं.’ दादानं माझ्याकडं पाहिलं. मी ताटं उचलली.

तेव्हापासून घरात एक रीत पडली. पोर बरं असलं की ते वहिनींचं. मी त्याला घेतलं तर, ‘राहू दे, सवय लावू नकोस.’ गाणं म्हटलं तर, ‘असली गावठी गाणी नकोत.’ आणि पोराला ताप आला, नाक चोंदलं, दोनदा जास्त जुलाब झाले, की त्याच वहिनी दारात येऊन उभ्या राहायच्या आणि माझ्या मांडीवर ते ठेवायच्या. ‘घे. तुझंच आहे. बघ.’ मग ओव्याची धुरी, छातीला शेक, रात्रभर खांद्यावर घेऊन येरझाऱ्या, सगळं माझं. ताप उतरला की परत घेऊन जायच्या. मी कधी हू की चू केलं नाही. खरं सांगायचं तर, ताप यावा असं मला वाटत नसे. पण आला की हात रिकामे राहात नसत.

पहिल्या वाढदिवसाला दादानं हपिसातल्या लोकांना बोलावलं. केक आणला होता, फुगे लावले होते, मी मिसळीचा रस्सा ढवळत होते. एका साहेबांच्या बायकोनं मला विचारलं, ‘तू कोण गं?’ माझ्याआधी वहिनी म्हणाल्या, ‘गावाकडची आहे, बाळाला सांभाळायला ठेवलीय.’ बाई चौकस होत्या. ‘अस्सं! आडनाव काय तुझं?’

मी दादाकडं पाहिलं. बोरगावकर सांगायचं होतं. पण ठेवलेल्या मुलीचं आडनाव मालकाचंच कसं असेल? मी म्हटलं, ‘उकिरडे.’

खोलीत कुणीतरी फसकन हसलं. बाई म्हणाल्या, ‘अगंबाई, असंही असतं?’ आणि माझा दादा, ज्यानं माझ्या पायात पहिली चप्पल घातली, तो हातातला कप खाली ठेवत, अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाला, ‘हो, आहेत आमच्या गावात तसले जुने लोक. चांगली माणसं असतात.’

त्याचा राग मला त्या वेळी आला नाही. रस्सा खाली लागेल याची काळजी वाटत होती. राग फार पुढं आला, आणि तेव्हा भांडायला दादा राहिला नव्हता.

वाढदिवसानंतर थोड्याच दिवसांत माझं लग्न ठरलं. वहिनींनीच शोधलं, बडोद्याचं मराठी घर, मुलगा गिरणीत. बिजवर नाही, व्यसन नाही, माणूस सरळ. मी आनंदानं होकार दिला आणि संसारही चांगला झाला. पण नाशकात मुलं नव्हती असं नाही. भोंगळेकाकूंनी तसं म्हटलंही, ‘एवढ्या लांब कशाला देता पोरीला?’ वहिनी म्हणाल्या, ‘लांब बरं असतं, काकू. जीव अडकत नाही.’

लग्नाला वर्ष होत आलं होतं. एका संध्याकाळी आमच्या खालच्या दुकानात ट्रंक कॉल आला. लाइनीवर खरखर होती, वहिनींचा आवाज फाटलेला. ‘शेवंता, तीन दिवस ताप उतरत नाहीये. डॉक्टरांना काही कळत नाही. तू ये. तुझंच आहे ते, तू ये.’ मी नवऱ्याला सांगितलं आणि मिळेल त्या गाडीनं निघाले. वाटेत दोनदा गाडी बदलली. मांडीवर हात ठेवून बसले होते. हाताला काहीतरी धरल्याचा भास व्हायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी इंदिरानगरला पोचले तेव्हा वहिनी दारातच होत्या, न्हालेल्या, केस ओले.

‘उतरला गं ताप,’ त्या म्हणाल्या. ‘पहाटेच उतरला. गोवर निघाला. उगाच धावत आलीस.’

मी म्हटलं, ‘बघू तरी.’

‘आत्ताच झोपलाय. उठवू नकोस.’ आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यांनी चहा केला, खारी दिली, बडोद्याची चौकशी केली, सासू कशी आहे विचारलं. दादा कामावर गेला होता. मी चहा प्यायले आणि कपबशी विसळून पालथी घातली. त्या घड्याळाकडं बघत होत्या. म्हणाल्या, ‘दुपारची गाडी मिळेल तुला. नवरा वाट बघत असेल.’ मग जरा थांबून, ‘जाता जाता एक काम करशील? चक्कीवर दळण टाकलंय, तेवढं आणून देशील? मला त्याला सोडून जाता येत नाही.’

मी गेले. चक्कीवर गर्दी होती, उभी राहिले. डबा गरम होता, पदराची चुंबळ करून डोक्यावर घेतला आणि जिना चढले. दारात पोचते तोच आतून रडणं आलं. आवाज मोठा झाला होता, पण तोच. मी डबा खाली ठेवला आणि उंबऱ्याशी थांबले. आतून कुणी हाक मारली नाही. थोड्या वेळानं रडणं थांबलं. मी दार ओढून घेतलं आणि स्टँडवर आले.